गासचा नाताळ : पाच दिवसांचा मुक्काम

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीतील दुसऱ्या शनिवार-रविवारी वसईकडून बसगाड्या आणि टेम्पो भरभरून येतात. सोळा वर्षांपूर्वी अशाच एका टेम्पोतून उतरलेल्या, लाल चौकड्यांचे लुगडे नेसलेल्या एक आजी आमच्या फाटकाशी उन्हाने चक्कर येऊन खाली बसल्या. त्यांना घरात आणून लिंबाचे सरबत दिले, पंख्याखाली निजवले आणि संध्याकाळी त्यांची माणसे येऊन त्यांना घेऊन गेली. पुढच्या वर्षी त्याच आजी मुलगा, सून आणि पाच नातवंडांना घेऊन थेट आमच्या दारात उभ्या राहिल्या, आणि तेव्हापासून यात्रेचे दोन दिवस आमची गच्चीवरची खोली त्यांच्या कुटुंबाची झाली. आजी वसई तालुक्यातील गास गावच्या. दरवर्षी निघताना त्या म्हणत, "पोरी, एक नाताळ आमच्याकडे कर." मुलीच्या परीक्षा, सासूबाईंचे आजारपण, यजमानांची बदली अशा कारणांनी ते राहून जात होते. 2024 च्या डिसेंबरात मात्र आम्ही तिघांनी पंचवटी एक्स्प्रेसची तिकिटे काढली.

22 डिसेंबर, रविवार

दादरला उतरून विरारची लोकल पकडली. रविवार असल्यामुळे खिडकीजवळ जागा मिळाली. भाईंदर सुटले की गाडी वसईच्या खाडीच्या पुलावर येते आणि मुंबईची दाटी एकदम मागे पडून दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये पाणजूचे बेट आणि दूरवर तिवरांच्या रांगा दिसू लागतात. नालासोपाऱ्याला उतरलो तेव्हा पुन्हा दाटीतच शिरल्यासारखे झाले; पण पश्चिमेला रिक्षा निघाली, सोपारा गाव मागे पडले आणि इमारती विरळ होत गेल्या. हे सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. येथील स्तूप 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उकरून काढला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच गावात सापडला. इतक्या जुन्या गावाच्या कडेने आपण रिक्षाने जात आहोत हे मी मुलीला सांगत होते, तोवर गासची वाट आली.

गासच्या आळीत शिरताच पहिल्यांदा जाणवला तो ओल्या मातीचा आणि केळीच्या वाडीचा गारवा. घराच्या मागे बावखल आहे. वसईच्या वाड्यांना पाणी देण्यासाठी पूर्वजांनी खणलेल्या या तळ्यांना येथे बावखल म्हणतात. आजींच्या थोरल्या मुलाने, ज्यांना सगळे थोरले काका म्हणतात, आम्हाला बॅगा ठेवण्याआधी तेथेच नेले. एके काळी रहाटाने पाणी काढून पानवेली, केळी आणि फुलझाडे शिंपली जात. आता पंप आहे, वाडी निम्म्याने कमी झाली आहे, पण बावखल बुजवायचे नाही असे चारही भावांनी ठरवले आहे. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढला, आणि तो चढावा असाच विषय आहे.

मूळ घर कौलारू, पुढे लांब ओटा. त्याच्या आजूबाजूला तीन भावांची तीन पक्की घरे उभी आहेत, परंतु नाताळच्या आठवड्यात तिन्ही घरांच्या चुली बंद असतात आणि स्वयंपाक मूळ घरीच होतो. त्या रात्री आम्ही चोवीस जण जेवायला होतो. "अजून यायचे आहेत," असे आजी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगत होत्या. जणू काही मोजणीत कमी पडलेल्यांची जबाबदारी त्यांच्यावरच आहे.

जेवणाआधी ओट्यावर जपमाळेची प्रार्थना झाली. हिरव्या पाल्याच्या चक्रात चार मेणबत्त्या उभ्या केल्या होत्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. नाताळाआधीच्या चार रविवारांचा हा आगमनकाळ, आणि दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. आज चौथी पेटली. प्रार्थना संपल्यावर घरातील मुले एकेक करून आजींसमोर हात जोडून उभी राहिली, आजींनी प्रत्येकाच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. आमची मुलगी जरा मागे रेंगाळली होती. तिला हाताने जवळ ओढून आजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि "देव बरं करो" एवढेच म्हणाल्या.

23 डिसेंबर, सोमवार

या मुक्कामातला हा दिवस मला सर्वांत जास्त आठवतो, आणि तरीही या दिवशी सण असा काहीच नव्हता. नुसते काम होते.

सकाळी सातला मोठ्या परातीत कुलकुलांचे पीठ मळायला घेतले. मैदा, थोडा रवा, अंडी, लोणी, साखर आणि नारळाचे घट्ट दूध. नारळ घरचेच, ते खवण्याचे काम पुरुषांकडे. पीठ दोन तास ओल्या फडक्याखाली राहिले आणि मग ओट्यावर सतरंज्या अंथरून लहानमोठे सगळे गोल बसले. सुना काट्याचमच्याच्या पाठीवर कुलकुल वळत होत्या. आजींच्या हातात मात्र लाकडी फणी होती. ही फणी केसांना कधीच लागलेली नाही. आजी लग्न होऊन आल्या त्या वर्षी सासूने ती कुलकुलांसाठीच बाजारातून आणली होती. तिचे चार दात पडले आहेत, दांड्यावरचा रंग अंगठ्याच्या जागी पुसला गेला आहे आणि वर्षभर ती पांढऱ्या रुमालात गुंडाळून कपाटात असते. बोराएवढी गोळी फणीच्या दातांवर ठेवायची, अंगठ्याने दाबत पुढे सरकवायची आणि शेवटी हलकेच गुंडाळायची, की शिंपल्यासारखी रेघांची वळी तयार होते. आजींची वळी एका झटक्यात सुटत होती. माझ्या पहिल्या दहा-बारा चिकटल्या. आजींनी त्या मोडू दिल्या नाहीत. "तळल्यावर सगळ्या सारख्याच गोड," असे म्हणून त्यांनी माझ्या वळ्या आपल्या ताटात मिसळून टाकल्या.

त्या गोलात बसल्या बसल्या सगळ्यांचे सगळे कळत होते. कोणाच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला, कोणाचे गुडघ्याचे ऑपरेशन ठरले, धाकट्या काकांचा मुलगा जहाजावरून उतरून आजच विमानात बसला आहे, कुवेतच्या आत्याला या वर्षी रजा मिळाली नाही. घरातील माणसे आपसांत कादोडीत बोलतात. सामवेदी ख्रिस्ती समाजाची ही बोली मराठीच्या इतकी जवळची, की कान लावला तर अर्थ लागतो आणि जरा दुर्लक्ष झाले तर वाक्य निसटते. माझ्याकडे वळले की सगळे सहज प्रमाण मराठीत येत. या समाजाच्या देवळात मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना, मराठीत, घरातील प्रार्थना मराठीत, पत्रिका आणि थडग्यांवरील अक्षरेही मराठीत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली, आणि आजींना लहानपणी अर्थ न कळता पाठ केलेल्या लॅटिन ओळी अजून येतात. त्यांनी दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. मग थांबून म्हणाल्या, "पण मराठीत प्रार्थना केली तेव्हा देव घरात आला असं वाटलं."

भाषेचा विषय निघाला आणि थोरले काका फादर फ्रान्सिस दिब्रिटोंबद्दल बोलू लागले. शेजारच्या नंदाखालचा हा सुपुत्र 'सुवार्ता' मासिकाचा संपादक होता, हिरव्या वसईसाठी रस्त्यावर उतरला होता आणि जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला होता. 25 जुलै 2024 ला ते गेले, आणि त्यांच्यानंतरचा हा वसईचा पहिला नाताळ. काका बोलताना हातातील बांबूच्या कामट्या तासत होते. चांदणीचा सांगाडा बांधून झाला तसे त्यांनी कोयता खाली ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुपारनंतर तळण सुरू झाले. अंगणातील चुलीवर कढई, एक तळणारी, एक झारा धरणारी, एक कागदावर पसरणारी. कुलकुलांच्या मागून नारळ-रव्याच्या सारणाच्या नेवऱ्या आल्या, ज्यांना आम्ही करंज्या म्हणतो. दिवाळीत आमच्याकडे करंजी तळताना एक हात तिला सतत तेल उडवत असतो. येथेही अगदी तसाच हात चालत होता. रात्री जहाजावरचा नातू आला. बॅग ओट्यावर टाकून तो तसाच चुलीपाशी गेला, आजींच्या ताटातील गरम नेवरी उचलली आणि उभ्याउभ्याच खाल्ली. आजींनी त्याला काही विचारले नाही. पदराने त्याच्या कपाळावरचा घाम तेवढा टिपला.

24 डिसेंबर, मंगळवार

सकाळी नाताळगोठा पुरा करायचा होता. ओट्याच्या एका कोपऱ्यात मुलांनी पेंढ्याचे छप्पर, मातीची टेकडी, आरशाच्या तुकड्याचे तळे आणि बावखलाकाठच्या शेवाळाचे कुरण केले होते. त्यात सर्वांत देखणी होती ती पत्र्याच्या उथळ ताटांत दहा दिवसांपूर्वी पेरलेली नाचणी. बोटभर वाढलेली, पोपटी रंगाची रोपे ताटासकट गोठ्याभोवती मांडली आणि ते शेत झाले. मला घटस्थापनेच्या घटाभोवती उगवणाऱ्या धान्याची आठवण झाली, आणि मी ती बोलून दाखवली. थोरल्या काकू म्हणाल्या, "हो, आमच्या शेजारणी पण तेच म्हणतात." इटलीतील ग्रेचो गावी संत फ्रान्सिसने 1223 मध्ये जिवंत बैल आणि गाढव आणून गव्हाण उभी केली, तेथून ही प्रथा जगभर गेली. गासच्या ओट्यावर तिला नाचणीचे शेत आणि डोक्यावर टोपली घेतलेली कोळीण मिळाली आहे. गव्हाण मात्र रिकामी होती. बाळ रात्रीच ठेवायचे असते.

संध्याकाळी न्हाऊनधुऊन सगळे निघालो. आजींनी नवे लाल लुगडे नेसले होते, गळ्यात सोन्याची जुनी माळ. सुना साड्यांत, मुली झग्यांत. रस्त्याने प्रत्येक दारात चांदणी उजळली होती आणि आळीआळीतून माणसांचे पुंजके येऊन मोठ्या प्रवाहाला मिळत होते. गासचे चर्च संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचे आहे. ते वसईतच जन्मले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमध्ये नागासाकी येथे त्यांना क्रुसावर हौतात्म्य आले. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले, आणि असे ते भारतभूमीत जन्मलेले पहिले संत ठरले. आपल्याच तालुक्यातील एका मुलाच्या नावाच्या देवळात हे लोक दर रविवारी जातात, याचा त्यांना वाटणारा अभिमान साधा आणि खरा आहे.

पूर्वी ही मिस्सा मध्यरात्रीच्या ठोक्याला व्हायची. ध्वनिक्षेपकाच्या वेळेच्या नियमांमुळे आता अनेक ठिकाणी ती लवकर सुरू होते, आणि आम्ही गेलो तीही लवकरचीच होती. आम्ही मागच्या बाजूला खुर्च्यांवर बसलो. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला, हे यशया संदेष्ट्याचे वचन वाचले गेले तेव्हा आवारात कसलाही आवाज नव्हता. आगमनकाळात 'ग्लोरिया', म्हणजे परमेश्वराच्या गौरवाचे गीत, म्हणत नाहीत. चार आठवडे ते राखून ठेवतात. त्या रात्री धर्मगुरूंनी पहिला स्वर लावला, आणि त्याच क्षणी आतल्या लहान घंटा आणि वरची मोठी घंटा एकदम वाजू लागल्या. हजारो माणसे एका सुरात गात होती. आजी शेजारीच होत्या. त्यांच्या ओठांवर गीत होते, डोळे मिटलेले होते आणि त्यांनी माझ्या मुलीचा हात घट्ट धरला होता.

नाशिकच्या माणसाला घंटेचा नाद ऐकून जे आठवायचे तेच मला आठवले. गोदावरीकाठच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा वसईहून आलेली. तिच्यावर 1721 हे साल कोरलेले आहे, आणि 1739 च्या वसईच्या विजयानंतर ती नाशिकला गेली. आम्ही लहानपणी मोठ्या आवाजाच्या मुलाला नारोशंकराची घंटा म्हणायचो, पण ती मूळ कोणत्या गावाची याचा विचार कधी केला नव्हता. गेली कित्येक वर्षे थोरले काका यात्रेच्या दुसऱ्या दिवशी न चुकता पंचवटीत जाऊन ती घंटा पाहून येतात. देवळात शिरताना चपला काढतात, घंटेखाली क्षणभर उभे राहतात आणि परततात. ते का जातात हे मला त्या रात्री गासमध्ये समजले.

मिस्सा संपल्यावर मातीच्या बाळाच्या पायांचे चुंबन घ्यायला रांग लागली. मग आवारभर मिठ्या, हस्तांदोलने आणि "नाताळच्या शुभेच्छा". घरी परतल्यावर सर्वांत धाकट्या नातीने, ती पाच वर्षांची आहे, ओंजळीतून बाळ आणून गव्हाणीत ठेवले. त्यानंतर केक कापला आणि द्राक्षांची वाइन निघाली. ही द्राक्षे आमच्याच नाशिकची. यात्रेहून परतताना आजी दरवर्षी आठ-दहा किलो द्राक्षे घेऊन जातात, चिनी मातीच्या बरणीत साखर आणि यीस्ट घालून मुरवतात, गाळतात आणि बाटल्या नाताळापर्यंत अंधारात ठेवतात. इतकी वर्षे आम्ही त्यांच्या टेम्पोत त्या पेट्या चढवून देत होतो. त्यांचे पुढे काय होते ते आज पेल्यात पाहिले.

25 डिसेंबर, बुधवार

सकाळी उठले तेव्हा ओट्यावर ताटे मांडलेली होती, एकतीस. प्रत्येकात कुलकुल, नेवऱ्या, नानखटाई, केकचे दोन तुकडे आणि केळीच्या वाळक्या पानात बांधलेली सुकेळी. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली ही सुकेळी वसईची खास; करणारी घरे कमी होत चालली आहेत, पण आजींच्या अंगणात हिवाळ्यात अजून पाट्या पसरतात. प्रत्येक ताटावर भरतकामाचा रुमाल टाकून मुले शेजारी निघाली. ताटे फक्त ख्रिस्ती घरांत जात नव्हती. पलीकडच्या आळीतील हिंदू घरे, वाडीत काम करणारी आदिवासी कुटुंबे, दूधवाले भैया आणि रिक्षावाला, ज्याने आम्हाला आणले होते, सगळ्यांची नावे आजींच्या तोंडी होती. माझी मुलगीही एक ताट घेऊन गेली आणि येताना त्यात साखर घेऊन आली. दिवाळीत हीच ताटे उलट दिशेने येतात, आणि रिकामे ताट परत करायचे नाही हा नियम दोन्हीकडे सारखाच.

दुपारी आम्ही त्रेचाळीस जण जेवायला होतो. ओट्यावर आणि अंगणात मांडवाखाली लांब टेबले जोडली होती. डुकराच्या मटणाचे इंद्याल दोन दिवस आधी करून मुरवलेले होते. फुगे मात्र ऐन वेळी तळले. आंबवलेले पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या मधून तेलात सोडले की ते चेंडूसारखे फुगते. माझे यजमान मांसाहार करत नाहीत, हे सोळा वर्षे लक्षात ठेवून काकूंनी वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी आणि तांदळाच्या भाकरी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत केल्या होत्या, आणि त्याबद्दल एका शब्दाने बोलल्या नाहीत. मला ते सांडशी आणि पळी वेगळी दिसली म्हणून कळले.

जेवणाआधी थोरल्या काकांनी प्रार्थना म्हटली आणि वर्षभरात गेलेल्या दोघांची नावे घेतली. मग व्हिडिओ कॉलवर कुवेतच्या आत्या आल्या. मोबाइल हातोहात टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला. प्रत्येकाने आपले ताट दाखवले, आणि आत्या पदार्थांची नावे घेऊन विचारत होत्या, फणी कोणी धरली, नाचणी उगवली का, नेवऱ्यांत जायफळ घातले का. शेवटी मोबाइल आजींकडे आला. दोघी मायलेकी काहीच बोलल्या नाहीत. आजींनी एक कुलकुल उचलून पडद्याजवळ धरले, आणि पलीकडून आत्यांनी तोंड उघडले.

संध्याकाळ खेळांत, गाण्यांत आणि भेटीगाठींत गेली.

26 डिसेंबर, गुरुवार

निघण्यापूर्वी वसईचा किल्ला पाहायचा होता. जहाजावरचा नातू आम्हाला गाडीने घेऊन गेला. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ती जिंकली. दोनशे वर्षांच्या त्या शहराच्या आता भिंती उरल्या आहेत. छपरे गेलेल्या चर्चच्या कमानींतून आभाळ दिसते, फरशीवरील थडग्यांच्या शिळांवर पोर्तुगीज अक्षरे अजून वाचता येतात, आणि जवळच चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. संत गोन्सालो गार्सियांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चर्चसमोर कोणीतरी त्या सकाळी झेंडूची माळ वाहिली होती. नातू म्हणाला, "ताई, आम्ही शाळेत चिमाजी अप्पांचा धडा अभिमानाने वाचायचो, आणि रविवारी चर्चलाही जायचो. दोन्ही आमचंच." घंटांचे रिकामे मनोरे पाहत मी बराच वेळ उभी राहिले.

दुपारी परत आलो तेव्हा आमचा डबा भरून तयार होता. येताना त्यात नाशिकचा चिवडा नेला होता. आता कुलकुल होती, आणि वरच्या थरात माझ्या त्या वेड्यावाकड्या वळ्या, आजींनी वेगळ्या ओळखून ठेवलेल्या. डब्याशेजारी चिनी मातीची एक रिकामी बरणी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून ठेवली होती. "मला आता पेट्या उचलवत नाहीत," आजी म्हणाल्या. "या वर्षी द्राक्षं तुझ्याकडेच घाल. मी यात्रेला येईन तेव्हा कसं करायचं ते दाखवते."

संध्याकाळच्या पंचवटीत बरणी मांडीवरच ठेवली, कसाऱ्याच्या घाटात गाडी हलत होती म्हणून मुलीने तिच्याभोवती हात घातला. घरी पोचल्यावर ती स्वयंपाकघरातील खालच्या फळीवर, हाताशी येईल अशी ठेवली आहे. यात्रा 2025 च्या 8 आणि 9 फेब्रुवारीला होती. त्याआधी गच्चीवरच्या खोलीतील गाद्या उन्हात घालायच्या होत्या, आणि द्राक्षांच्या बागेवाल्याला लगेच सांगून ठेवायचे होते.